भाईंच्या घराखालची जमीन

आमच्या गल्लीत खोली भाड्यानं घ्यायची असेल तर ती गुरुवारी बघू नये. गुरुवारी इथल्या कंपन्यांना सुट्टी असते आणि त्या दिवशी हॅमर बंद असतो. एजंट हटकून गुरुवारीच गिऱ्हाईक आणतो, खिडक्या उघडून दाखवतो, "शांत एरिया आहे बघा," म्हणतो. शुक्रवारी सकाळी पहिली शिफ्ट सुरू होते आणि नव्या भाडेकरूच्या मांडणीवरची भांडी बोलायला लागतात.

तळवड्याच्या मागच्या अंगाला, जिथं आयटी पार्कच्या काचा संपतात आणि पत्र्याच्या शेड सुरू होतात, तिथं आमची गल्ली आहे. गल्लीच्या तोंडाशी फोर्जिंगचा एक कारखाना आहे. लाल तापलेलं लोखंड साच्यावर ठेवायचं आणि वरून अवजड हॅमर सोडायचा, अशा घावांतून गाड्यांच्या इंजिनांचे भाग घडतात. आवाजापेक्षा हादरा आधी कळतो, तोही पायांना.

इथल्या जुन्या लोकांनी यावर एक परीक्षा काढली आहे. खोली बघायला जायचं ते कामाच्या दिवशी. स्टीलचा ग्लास काठोकाठ भरून फरशीवर ठेवायचा आणि शेजारी मांडी घालून बसायचं. पाणी नुसतं थरथरलं तर खोली चांगली, काठावरून सांडलं तर नमस्कार करून उठायचं. "पाणी पास झालं का?" असं एकमेकांना विचारतात. मुलगी द्यायच्या आधी एका बापानं व्याह्यांच्या घरात असाच ग्लास ठेवला होता, असंही सांगतात. लग्न झालं की नाही ते मात्र कुणी सांगत नाही.

या परीक्षेचं मला भारी कौतुक वाटायचं, कारण मी पोटासाठी भूकंपाची गणितं करतो. गल्लीपासून जवळच आमचं ऑफिस आहे. अणुवीज केंद्रातल्या इमारती भूकंपात कशा हलतील ते संगणकावर काढून द्यायचं, हे आमचं काम. आमच्याकडे इमारतीचे नकाशे येतात, तिथल्या मातीच्या तपासणीचे अहवाल येतात, आणि त्या जागी कसला भूकंप धरायचा तेही ठरून येतं. अणुभट्टी मी आजवर डोळ्यांनी पाहिलेली नाही. हे सांगताना थोडी शरम वाटते. स्वयंपाकाचं पुस्तक लिहावं आणि आमटी कधी चाखलेली नसावी, तसं.

तशी मला शरम कशाचीही वाटते. बायको म्हणते, सोसायटीची लिफ्ट बंद पडली तरी तुम्ही शेजाऱ्यांची माफी मागाल. खरं आहे ते. एखाद्या गोष्टीत माझा किती वाटा आहे हे मला नीट ठरवता येत नाही, म्हणून मी सगळीच माझ्या नावावर लावून घेतो. पण जे सांगायला बसलो आहे त्यात माझा वाटा नक्की किती, हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्या कामातली एक गोष्ट आधी सांगतो. लोकांना वाटतं, भूकंपात जमीन हलते आणि इमारत तिच्यावर हलते; जमीन देणार, इमारत घेणार. साध्या घरासाठी बऱ्याचदा एवढं धरून भागतंही. पण अणुभट्टीची इमारत म्हणजे जाड भिंतींचा, प्रचंड वजनाचा, जवळजवळ अखंड ठोकळा. तो जमिनीवर ठेवला की कारभार एकतर्फी राहत नाही. आपण खाटेवर पडलेलो असावं आणि शेजारी एखादा धिप्पाड पाहुणा येऊन बसावा, मग त्यानं कूस बदलली की आपण हलतो आणि आपण हललो की तो. इमारतही खालच्या मातीला दाबते, ओढते, डोलवते. माती तिला थोपवते, कधी जास्तच झुलवते. इमारतीत आलेला थोडा हादरा पायातून पुन्हा जमिनीत उतरतो आणि लांब निघून जातो, तो काही परत येत नाही. म्हणून इमारतीचं गणित वेगळं आणि जमिनीचं वेगळं असं करून चालत नाही. दोघांना एकाच पाटावर बसवावं लागतं. कातळावर त्यांचं बोलणं थोडक्यात आटपतं, मऊ जमिनीवर लांबतं.

आणि इमारत उभी राहिली म्हणजे झालं, असंही नसतं. आत पाइप असतात, पंप असतात, विजेची कपाटं असतात, आणि प्रत्येकाचा हलण्याचा आपापला ठेका असतो. झोपाळ्याला त्याच्या ठेक्यावर धक्का दिला तर तो उंच जातो, भलत्या वेळी दिला तर अडखळतो, तसंच हे. म्हणून कुठला मजला कुठल्या ठेक्यानं हलेल, हे मजल्यागणिक काढून द्यावं लागतं. मी बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांना ऑफिसात हे शिकवतो तेव्हा त्यांचे डोळे अधूनमधून चमकतात. तो माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला भाग.

तर असा माणूस हॅमरच्या गल्लीत राहायला आल्यावर काय करणार? मी फोनमध्ये हादरे मोजायचं एक ॲप घेतलं आणि रविवारी, ऑफिसला सुट्टी आणि हॅमर चालू असताना, या घरातून त्या घरात फिरायला लागलो. लोक हसायचे, पण दार उघडायचे. आमची इमारत कारखान्याच्या भिंतीला अगदी लागून आहे, तरी आमच्याकडे पाणी जेमतेम थरथरायचं. आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, हॅमरपासून सगळ्यात लांब, गॅरेजवाल्या भाईंचं घर. तिथं ग्लास निम्मा रिकामा व्हायचा.

लांबचं घर जास्त हलतं, याचं मला इतकं नवल वाटलं की आठवडाभर मी जेवताना दुसरं काही बोललो नाही.

भाई इथले जुने. त्यांचं घराणं गावठाणातलं, पिंपरी-चिंचवड शहर इथवर यायच्या आधीपासूनचं. वय माझ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी जास्त, हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे, आणि बोलणं असं की गाडी दुरुस्तीला आणलेला माणूस दोन तास बसून राहतो. घराच्या तळमजल्याला त्यांचं गॅरेज. पुढं तीन शटर, आत नुसते कॉलम, भिंत अशी नाहीच, म्हणजे टेम्पो सरळ आत घेता येतो. वरच्या एकाच मजल्यावर भाई, भाभी, त्यांची अम्मी, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि दोन वाढत्या वयाच्या मुली. धाकटा चाकणच्या एका कंपनीत वेल्डर होता. रोजचं जाणं-येणं त्याला झेपत नव्हतं आणि घरात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून चाकणला खोली घ्यायचं त्याच्या मनात होतं. भाईंना ते नको होतं. अब्बा गेल्यावर भाईंनीच धाकट्याला वाढवलेलं. एका घरात दोन चुली होऊ द्यायच्या नाहीत, वर आणखी एक मजला चढवायचा आणि सगळ्यांनी एकत्रच राहायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. एकच शंका होती.

"साहेब, आताच इतकं हलतंय. वर आनखी मजला टाकला तर हॅमरनं पोरींची दप्तरं खाली पडतील का?"

आम्ही गॅरेजात स्टुलांवर बसून चहा पीत होतो. मी फोनवरचे आकडे त्यांना दाखवत होतो आणि मला एकदम ते उमगलं. हॅमरचा हादरा जमिनीतून एका ठरावीक ठेक्यावर यायचा आणि भाईंच्या घराचा ठेका नेमका त्याच्याशी जुळलेला होता. घर आणखी उंच आणि जड झालं तर ते सावकाश डोलायला लागेल, म्हणजे हॅमरच्या तालातून बाहेर पडेल.

"भाई, उलट होईल," मी म्हणालो. "मजला चढवला तर हलणं कमी होईल."

"काय सांगता!"

"गणितानं तरी तसंच दिसतंय."

भाईंनी माडीकडे तोंड करून हाक दिली, "अगं ऐकलं का? साहेब म्हणत्यात, मजला चढवला की घर शांत होतंय!" मग माझ्याकडे वळून, "राव, तुमी अनुभट्टीवाले. तुमी सांगितलं म्हनजे खलास."

मी हसलो. मला बरं वाटलं होतं. ऑफिसात मी काढलेलं उत्तर बरोबर आलं की चुकलं, हे कळायला भूकंप यावा लागतो. इथं चहा संपायच्या आत कुणी तरी मान डोलावत होतं.

पुढच्या आठवड्यात गल्लीभर झालं. कोपऱ्यावरचा किराणावाला मला म्हणाला, "मी पन चढवू का एक? आमचं बी लई हलतंय." मी त्याला तिथंच थांबवलं, घराघराचं वेगळं असतं म्हणालो. त्यानं ते ऐकून सोडून दिलं असावं. भाईंकडे सेंट्रिंगवाला येऊन मापं घेऊन गेला.

त्या सुमारास ऑफिसात एका इमारतीचं काम चाललं होतं. आमच्याकडे जमीन कधी एकच धरत नाहीत. जमिनीत किती तरी बोअर मारलेले असतात, नमुने प्रयोगशाळेत जाऊन आलेले असतात, तरीही आम्ही तीन जमिनी धरतो. एक मोजून आली तशी, एक तिच्यापेक्षा बरीच मऊ, एक बरीच कडक. इमारत तिन्हींवर हलवून बघायची आणि प्रत्येक ठिकाणी ज्या जमिनीनं जास्त हलवलं तिचं उत्तर घ्यायचं. आलेखात वर आलेली शिखरं दोन्ही बाजूंना थोडी रुंद करायची, कारण ठेका नेमका कुठं पडेल ते आपल्याला माहीत नसतं. हे मी इतकी वर्षं करत आलो. एका नव्या मुलीला मी हेच समजावत होतो. "आपल्याला जमीन माहीत नाही, असं धरूनच चालायचं," माझ्याच तोंडून वाक्य निघालं आणि मला गॅरेजातला तो चहा आठवला.

भाईंच्या घराखाली मी एकही जमीन धरली नव्हती. फोनचे आकडे धरले होते.

आणि ते आकडे होते हॅमरचे. हॅमर एकाच ठेक्यानं मारतो. भूकंप सगळे ठेके घेऊन येतो, त्यातले सावकाश ठेके मऊ जमिनीवर फुगतात, आणि मोठ्या हादऱ्यात मऊ माती आणखी मऊ होते. घर हॅमरच्या तालातून बाहेर काढायचं म्हणजे ते सावकाश तालाकडे न्यायचं. म्हणजे कदाचित भूकंपाच्या वाटेवर. त्यात खाली भिंतीविना नुसते कॉलम, वर भिंतींच्या जड खोल्या. सगळा वाक त्या कॉलमांवरच येणार. गल्लीला वाटतं, पाणी पास झालं म्हणजे घर पास. भाईंचं घर मजला चढल्यावर त्या परीक्षेत पहिलं आलं असतं आणि मी ते आधीच जाहीर करून बसलो होतो.

संध्याकाळी मी थेट गॅरेजवर गेलो. भाई एका रिक्षाखाली आडवे होते. भाभी आणि अम्मी पायरीवर लसूण सोलत होत्या.

"भाई, मजला चढवू नका."

रिक्षाखालून आवाज आला, "परवा तर म्हनालात हलनं कमी होईल."

"होईल."

"मग?"

"हॅमरचं होईल."

"आनि दुसरं कोन हलवतंय हितं? नगरसेवक?"

"भूकंप."

भाई बाहेर आले, उताणेच. माझ्याकडे खालून वर बघत म्हणाले, "साहेब, भट्टी तुमची, गॅरेज माजं. तुमच्याकडं फुटलं तर दुनिया जाईल, माझ्याकडं फुटलं तर आईल सांडंल. दोनीला एकच कायदा लावता व्हय?"

"वर माणसं राहणार आहेत, भाई."

"राहत्यातच की आता."

मी स्टूल ओढून बसलो आणि वेड्यासारखं सगळं सांगत सुटलो. ठेके, मऊ माती, तीन जमिनी.

"तीन जमिनी?" भाई उठून बसले. "आमच्या सातबाऱ्यावर तर एकच हाय."

भाभी हसल्या. अम्मींनी मात्र मांडीवरचं लसणाचं सूप बाजूला ठेवलं. "तुझ्या त्या भट्टीत काय भाजत्यात रं बाबा?" त्यांनी विचारलं.

"भाजत नाहीत, अम्मी. पाणी तापवतात, त्याच्या वाफेवर वीज करतात."

"पानी तापवायला येवढा घोर?" त्या म्हणाल्या. "आनि तिच्या खालची जमीन कशी कळती तुमास्नी?"

"भोकं पाडून बघतात."

"मग हितं पाडा की."

भाई वैतागले. "अम्मी, सेंट्रिंगवाल्याला मंगळवारी बोलावलंय."

"त्यो बुधवारी यील," अम्मी म्हणाल्या.

घरांची डिझाइनं करणारा माझा एक मित्र आहे. त्याला मी गळ घातली, कारण हे घर तपासायचा अधिकार खरं तर त्याचा, माझा नाही. माझं सगळं आयुष्य ठोकळ्यांवर गेलं, वीट-सिमेंटचं साधं घर हाताळायची मला सवय नाही. तो आला, खालून-वरून फिरला, कॉलमांवर नखानं खरवडून पाहिलं आणि म्हणाला, "दोन टोकांचे दोन कॉलम पायापर्यंत उकरा."

रस्त्याकडच्या कॉलमापाशी कुदळ थोड्याच वेळात खणखणली. मुरूम, आणि त्याखाली कातळ. भाईंनी माझ्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं. मग मागच्या बाजूचा कॉलम उकरायला घेतला. तिथं फरशीखाली विटांचे तुकडे निघाले, मग सिमेंटच्या पिशव्या, मग कुणाची तरी एक चप्पल, मग काळा ओला गाळ, आणि त्यात अर्धा रुतलेला एक टायर. कॉलमचा पाया त्या सगळ्याच्या मधोमध थांबलेला होता.

उकरणारा धाकटाच होता. त्यानं टायर उपसून वर फेकला. "भाई, आपल्या धंद्याचा पायाच निघाला की!"

भाई हसले नाहीत. अम्मी खड्ड्याच्या काठावर येऊन वाकून बघत होत्या. "हितं वढा व्हता," त्या म्हणाल्या. "म्हशी बसायच्या पान्यात. माजं लगीन झालं तवा हितनं उडी मारून जावं लागायचं."

"अम्मी, आधी बोलायचं नाही का?"

"समद्यास्नी म्हाईत व्हतं. माती टाकली की वढा मेला, आसं वाटलं."

आता मला सगळं दिसलं, आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला काळजीच्या आधी आनंद झाला. कोडं सुटलं होतं. कारखाना आणि आमची इमारत कातळावर. हादरा कातळातून सरळ जात होता आणि गल्लीच्या टोकाला भरावाच्या मऊ कुशीत शिरून फुगत होता. म्हणून लांबचं घर जास्त हलत होतं. मी तोंड उघडून हे सांगणार, इतक्यात भाईंचा चेहरा दिसला.

मित्रानं खड्ड्यातून बाहेर येऊन हात झटकले. "अर्धं घर दगडावर, अर्धं राड्यारोड्यावर," तो म्हणाला. "हादरा आला तर दोन अर्धी दोन तऱ्हेनं वागतील, घर पिळलं जाईल. वर काही चढवायचं नाही. आणि भाई, वाईट वाटून घेऊ नका, पण आहे ते सुद्धा मला फार आवडलेलं नाही. खालून सगळं मोकळं आहे."

"मोकळं नको तर गाड्या कुठं लावू? साहेबांच्या टेरेसवर?"

"काही ठिकाणी भिंती घालता येतील. काँक्रीटच्या, पायापासून."

"म्हनजे शटर बंद."

"एक तरी."

भाईंनी खड्डा बुजवायला सांगितलं आणि वर निघून गेले. बुधवारी सेंट्रिंगवाला आला, त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पुढच्या महिन्यात धाकट्यानं चाकणला दोन खोल्या घेतल्या. सामान टेम्पोत भरताना मी गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, पण न जाणं त्याहून वाईट झालं असतं. मी आणि धाकट्यानं कपाट उतरवलं. मुली खुशीत होत्या, त्यांना पहिल्यांदाच स्वतःची खोली मिळणार होती. भाई गॅरेजात एका गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून होते. ती गाडी सकाळपासून दुरुस्त होऊन पडलेली होती, हे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

भाभी डब्यांचं गाठोडं घेऊन खाली आल्या. मसाल्याचे डबे वाटले गेले होते. इतकी वर्षं एका मांडणीवर राहिलेले डबे, निम्मे गाठोड्यात, निम्मे वर.

"भाऊ, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "भूकंप येनार कधी?"

"ते कुणालाच सांगता येत नाही, भाभी."

"आमच्या जन्मात यील?"

"माहीत नाही."

"आनि न्हाईच आला तर?"

"तर चांगलंच."

"तुमचं बरंय," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "आला तरी तुमी खरे, न्हाई आला तरी तुमी खरे."

टेम्पो गेला. मी घरी येऊन बसलो. ऑफिसात मी मऊ जमीन धरतो, कडक जमीन धरतो, शिखरं रुंद करतो, आणि ते सगळं कुणाच्या तरी काँक्रीटमध्ये, सळयांमध्ये जाऊन बसतं. माझ्या खबरदारीपायी कुणाची चूल वेगळी झालेली मी पाहिलेली नव्हती. न आलेल्या, कदाचित कधीच न येणाऱ्या हादऱ्यासाठी मी एक घर आजच दोन केलं होतं. आणि माझी स्वतःची खोली कातळावर. हे मी निवडलेलं नाही, बिल्डरनं योगायोगानं तिथं बांधलं. पण त्याचाही भार वाटायचा तो वाटलाच.

भाई मधले बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. भांडलेही नाहीत. माझी स्कूटर दारात दिसली की "ठेवा तिथं" म्हणायचे आणि दुरुस्त करून ठेवायचे. मी चहासाठी रेंगाळलो तर म्हणायचे, "कामं पडल्यात साहेब." मी ऑफिसात जाताना मुद्दाम दुसऱ्या बाजूनं जायला लागलो.

मग एका सकाळी तेच आमच्या दारात उभे राहिले. हात धुतलेले होते. आत या म्हटलं तर उंबऱ्यातच थांबले.

"ती भिंत," ते म्हणाले. "वर मजला न चढवता घातली तर काय फायदा हाय का?"

"आहे."

"मंग तुमच्या मित्राला बोलवा. मागच्या कॉलमाखालचं बी बघू म्हनावं, काय करता येतंय ते." आणि जिना उतरता उतरता, "खाली माझी बायको गिऱ्हाइकांना चहा देत उभी असती, राव. ते मला आधी दिसलंच न्हवतं. मी आपला मजलाच बघत व्हतो."

मागच्या कॉलमापाशी पाया खाली कातळापर्यंत नेला. मागची पूर्ण बाजू आणि पुढच्या तीनपैकी एक गाळा भिंतीनं बंद करायचा, असं मित्रानं आखून दिलं. काम सुरू झालं तेव्हा भाईंनी टेम्पोवाल्यांना हात जोडून दुसरीकडे पाठवलं. आत टेम्पो वळवायला जागा उरणार नव्हती, आता फक्त रिक्षा आणि दुचाक्या. एक जुना टेम्पोवाला जाता जाता ओरडला, "भाई, गॅरेजचा बंगला करताय काय?" भाईंनी साहेबांच्या भट्टीचं नाव घेऊन त्याला एक शिवी हासडली. ती शिवी ऐकून मला कित्येक दिवसांत पहिल्यांदा मोकळं वाटलं. खरं तर ती मला उद्देशून होती.

अम्मी तेव्हा धाकट्याकडे चाकणला होत्या. भिंत बघायला म्हणून दोन दिवस आल्या, फळ्या काढल्यावर काँक्रीटवर हात फिरवून पाहिला. "झाली का पक्की?"

"पूर्ण पक्की व्हायला अजून थोडे दिवस," मी म्हणालो.

"मग धाकल्याला बोलवायचं का परत? चढवायचा मजला?"

भाई माझ्याकडे बघत होते. मला कळलं की हा प्रश्न त्यांनीही मनात ठेवलेला होता आणि उत्तर माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"नाही, अम्मी," मी म्हणालो. "ही भिंत जे आहे त्याच्यासाठीच. वरचं वजन तिला द्यायचं नाही."

भाईंनी मान हलवली आणि शटरच्या जुन्या पट्ट्या गोळा करायला लागले. अम्मींनी हाताला लागलेलं सिमेंट पदराला पुसलं. मग म्हणाल्या, "आसू दे. माजं एक हातरूण हितं ठिवा, एक तितं. आता मला चाकनला सोड."

मी त्यांना गाडीतून घेऊन निघालो. चाकणच्या चौकात नेहमीसारखी ट्रकांची रांग लागलेली होती आणि आम्ही त्यात अडकलो. अम्मी खिडकीतून बघत होत्या. कंटेनर, लोखंडाच्या गुंडाळ्या नेणारे ट्रेलर, मधूनच डोक्यावर टोपलं घेऊन रस्ता ओलांडणारी एक बाई.

"काय रं," त्या म्हणाल्या, "धाकल्याच्या खोलीखाली काय हाय?"

इतक्या महिन्यांत मला ते सुचलंच नव्हतं. भाईंच्या घराखालचं मी उकरून पाहिलं, तिथून त्या मुलींना हलवलं, आणि त्या जिथं गेल्या तिथली जमीन कसली आहे, हे मी विचारलंही नव्हतं.

"मला माहीत नाही, अम्मी," मी म्हणालो.

"मालक हाय की. म्हातारा हाय, त्याला म्हाईत आसंल." त्यांनी पुढं बोट दाखवलं. रांग सुटली होती. "चालव की गाडी. जाऊन इचारू."